पोरगी घरी बडबडी अन् वर्गात गप्प: बोलायला शाळेनं शिकवावं का?

पत्र असं आलंय:

नमस्कार काकू, आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मुलगी सेमी इंग्लिश शाळेत चौथीत आहे. सासूबाई काटोलकडच्या, आमच्यासोबतच असतात, त्यांचं बोलणं पूर्ण वऱ्हाडी आणि पोरगी लहानपणापासून त्यांच्याजवळच वाढली. मागच्या पालकसभेत मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की मुलगी हुशार आहे पण बोलणं फार गावठी आहे, "मले", "काऊन", "करून राहिली" असं बोलते, घरी शुद्ध बोलत जा. पोरगी बाजूलाच उभी होती. तेव्हापासून मी तिला टोकते, सासूबाईंनाही म्हटलं की तिच्याशी जरा नीट बोला, तर त्या आता तिच्याशी बोलणंच कमी करून बसल्या. घरी पोरीची बडबड अजून सुरू आहे पण वर्गात हात वर करत नाही, विचारलं तर नुसती मान हलवते असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. वक्तृत्व स्पर्धेतून स्वतःच नाव काढून घेतलं. मिस्टर म्हणतात धरमपेठेत पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास आहे तिथं टाकू. नीट बोलायला शिकवणं हे शाळेचं काम आहे की घरचं? आणि आता मी काय करू?
एक आई

अगं बेटा, पहिले सरळ उत्तर देते, बाकीचं मागून. हो, मुलांना बोलायला शिकवणं शाळेचंच काम आहे, माझ्या मते वाचायला शिकवण्याएवढंच मोठं काम आहे, आणि आपल्या बहुतेक शाळा ते करत नाहीत. पण पालकसभेत मॅडमनी जे केलं ते बोलायला शिकवणं नव्हतं, ते टोकणं होतं, अन् तेही तुला, तुझ्या सासूबाईंना आणि बाजूला उभ्या पोरीला, तिघींना एकाच वाक्यात. ह्या दोन गोष्टी आपल्याकडे इतक्या चिकटून बसल्या आहेत की "शाळेनं नीट बोलायला शिकवावं" म्हटलं की लोकांच्या डोक्यात फक्त मले-तुले काढून टाकणंच येतं, म्हणून आज जरा लांबलचक लिहिते.

आधी पोरीचं बोलणंच बघू. "मले", "काऊन", "करून राहिली", ह्यात एकही चूक नाही गं. ती "मले" म्हणते, "तुले" म्हणते, "आजीले" म्हणते, सगळीकडे एकसारखं ले लावते, म्हणजे तिच्या डोक्यात नियम पक्का बसलाय, फक्त तो पुस्तकातला नियम नाही, आजीचा आहे. आणि काही ठिकाणी तर आजीचा नियम जास्त बारीक आहे. आपल्याकडे "पाणी भर" आणि "पाणी भरजो" ह्यात फरक आहे ना, "भर" म्हणजे आत्ता ऊठ आणि भर, "भरजो" म्हणजे नंतर, नळ आला की, मी घरी नसले तरी. हा फरक कोणत्याही मॅडमनी तिला शिकवला नाही, कोणत्या वहीत लिहून दिला नाही, आजी बोलत गेली अन् हिनं तो उचलला आणि रोज न चुकता वापरते. ज्या पोरीला हे जमतं तिला भाषा येत नाही असं कोणी म्हटलं तर मला मनापासून वाईट वाटतं.

"करून राहिली" तर फक्त सासूबाईंचं पण नाही, अख्ख्या नागपूरचं आहे, बर्डीच्या बाजारात उभी राहा अन् दहा मिनिटं ऐक. आपलं शहर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी, पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशचीही राजधानी हेच, महाराष्ट्र राज्य झालं ते १९६० ला. इतकी वर्षं कचेरीत, बाजारात, शेजारीपाजारी हिंदी अन् मराठी मांडीला मांडी लावून बसल्या, तर "कर रही है" सारखंच वळण मराठीतही दिसणारच. ग्रियर्सन साहेबांनी भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं, त्याचा मराठीवरचा खंड १९०५ ला निघाला, त्यातही वऱ्हाडी अन् नागपुरी बोलीची नोंद नमुन्यांसकट आहे. म्हणजे शंभर वर्षांच्या वर झाले, अभ्यास करणाऱ्यांनी ही बोली म्हणून मांडली, बिघडलेली मराठी म्हणून नाही.

मग "शुद्ध" कोणतं, ते ठरलं कसं, हे मॅडमना पण कोणी सांगितलं नसेल म्हणून लिहिते. इंग्रजांच्या काळात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आला १८३१ ला, मग कँडी साहेब पुण्यात बसून शाळेची पुस्तकं, भाषांतरं तपासायचे, पंडित मंडळी जी हाताशी होती ती बहुतेक त्याच भागातली, त्यांचं बोलणं-लिहिणं छापखान्यात गेलं, छापलेलं शाळेत गेलं, शाळेतलं परीक्षेत अन् सरकारी कागदात गेलं. असं करत करत एका भागातल्या शिकलेल्या लोकांची भाषा सगळ्यांसाठी प्रमाण झाली. त्यात त्या लोकांचा काही दोष नाही, एवढ्या मोठ्या मुलखाला छापायला काहीतरी एक धरावंच लागतं. पण सोयीसाठी धरलेल्या गोष्टीला "शुद्ध" नाव पडलं की बाकीचे सगळे आपोआप अशुद्ध होतात, अन् तुझी नऊ वर्षांची पोरगी आज ते अंगावर घेऊन बसली आहे.

आणि विदर्भानं मराठीसाठी काय केलं हे तर आपण पोरांना सांगतच नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, तिथं तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या लोकांनी मराठीत गद्य लिहिलं, लीळाचरित्र साधारण १२७८ चं धरतात. पंथातले एक पंडित संस्कृतात लिहायला निघाले तर पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य, त्यांनी त्यांना थांबवलं, कारण काय दिलं, तर त्यानं माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. सातशेच्या वर वर्षं झाली ह्या गोष्टीला. मराठीत का लिहायचं ह्याचं इतकं जुनं कारण आपल्याच भागातलं आहे आणि ते कारण म्हणजे म्हाताऱ्या बायका आहेत. आणि तुझ्या घरात आज मराठीच्याच नावाखाली एक म्हातारी बाई नातीशी बोलायला कचरते आहे. मला हे पत्रात सगळ्यात जास्त लागलं, खरं सांगते, पोरीच्या गप्प बसण्यापेक्षाही.

आता दुसरी बाजू, आणि ही पण तितक्याच जोरात सांगते कारण काही लोक बोलीचा अभिमान एवढा धरतात की मुलांचं नुकसान होतं. प्रमाण मराठी पोरीला आलीच पाहिजे. लिहिता आली पाहिजे अन् बोलताही आली पाहिजे. उद्या ती एमपीएससी देईल, कोर्टात उभी राहील, पुण्या-मुंबईत नोकरीला जाईल, कोल्हापूरच्या माणसाशी फोनवर बोलेल, तिथं "मी येऊन राहिली" म्हटल्यावर लोक कामाचं ऐकायच्या आधी हसतील. ते हसणं अन्याय आहे पण ते आहे, अन् त्याच्यासमोर पोरीला रिकाम्या हातानं पाठवणं बरोबर नाही. ज्यांच्या घरी प्रमाण मराठी बोलतात त्यांना ती आयती मिळते. तुझ्या पोरीसारख्यांना ती शाळेतच मिळणार, दुसरीकडे कुठं मिळणार? म्हणून तर म्हणते हे शाळेचं काम आहे, "घरी शुद्ध बोलत जा" असं सांगून शाळेला हात झटकता येत नाही. घरच्यांनी शिकवायचं असतं तर गणित पण घरीच शिकवलं असतं.

फक्त, एक भाषा द्यायला दुसरी हिसकावून घ्यावी लागत नाही. आपली पोरं मैत्रिणीशी हिंदी, आजीशी वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण अन् सायन्सला इंग्रजी, असं चार ठिकाणी चार तऱ्हेनं बोलतात आणि गोंधळत नाहीत. नागपूरच्या पोराएवढं हे दुसऱ्या कोणाला सहज जमत असेल असं मला वाटत नाही.

टोकल्यानं काय होतं ते बघ. समज मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतर नागपुरात पुतळ्यांची मिरवणूक निघते तिच्या, दुसऱ्या दिवशी वर्ग भरला, पोरगी उत्साहानं उठली, "मॅडम, आम्ही काल मारबत पाहाले गेलो होतो, लय गर्दी होती, अन् माह्या बाबानं मले खांद्यावर..." आणि इथं मॅडम म्हणाल्या, "पाहाले नाही, पाहायला. मले नाही, मला." वर्ग हसला. आता ह्या पोरीजवळ सांगायला किती होतं, काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडणारी गर्दी, महालातल्या गल्ल्या, इतवारीतला आवाज, बाबांच्या खांद्यावरून काय काय दिसलं. ते सगळं आत राहिलं. तिला त्या दिवशी "पाहायला" शिकता आलं नाही, एवढंच शिकता आलं की उठलं की हसतात. दुसऱ्या दिवशी मॅडम विचारतील तेव्हा ती मान हलवेल, कारण मान हलवण्यात व्याकरण नसतं. तुझी पोरगी तेच करून राहिली आहे. ती लाजाळू झाली नाही, तिनं विचार करून स्वतःला वाचवायचा रस्ता शोधलाय.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. अमेरिकेत विल्यम लबॉव्ह म्हणून भाषेचे मोठे अभ्यासक होऊन गेले, त्यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काळ्या मुलांच्या बोलण्यावर काम केलं. तिथंही तेव्हा शिकलेले लोक म्हणायचे की ह्या मुलांना भाषाच कमी आहे, विचारलं तर एकेका शब्दात उत्तर देतात. त्यांच्या टीममधला माणूस, तो पण त्याच समाजातला, एका आठ वर्षांच्या पोराशी बोलायला गेला तर खरंच पोरगं हो-नाहीच्या पुढं जाईना. मग पुढच्या वेळी त्याच माणसानं बटाट्याच्या चिप्सचा पुडा नेला, पोराच्या जिगरी मित्राला सोबत घेतलं आणि स्वतः खुर्ची सोडून खाली जमिनीवर बसला. तेच पोरगं, तोच माणूस, पण आता दोघं मित्र एकमेकांचं वाक्य तोडून तोडून बोलायला लागले. पोराजवळ भाषा कमी नव्हती, समोरचा मोठा माणूस आपली परीक्षा घेतोय एवढं त्याला कळत होतं. पुढं १९७९ मध्ये तिकडच्या मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर गावच्या शाळांवर पालकांनी केस केली होती, तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं की मुलांची घरची बोली काय आहे हे शिक्षकांनी समजून घ्यावं आणि त्या समजेचा उपयोग करून प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवावं. बघ, प्रमाण भाषा सोडा असं कोर्टानं म्हटलं नाही, रस्ता घरच्या बोलीतून काढा असं म्हटलं.

आता बोलायला शिकवणं म्हणजे मग नेमकं काय, हे सांगितल्याशिवाय माझं बोलणं अर्धं राहील.

चाळीस पोरांचा वर्ग धर, पस्तीस मिनिटांचा तास. मॅडम एक शब्दही बोलल्या नाहीत तरी एका पोराच्या वाट्याला एक मिनिट येत नाही, आणि मॅडम तर बोलतातच. म्हणजे दिवसभर शाळेत बसून पोरगं "हजर मॅडम" सोडून एक पूर्ण वाक्यही न बोलता घरी येऊ शकतं, येतातच कितीतरी. ह्यावर उपाय एकच, पोरांनी एकमेकांशी बोलायचं. बाकाबाकावर जोड्या, दोन मिनिटं तू सांग मी ऐकते, मग मी सांगते तू ऐक, मग तिनं काय सांगितलं ते तू वर्गाला सांग. ह्यात वर्ग गोंगाटाचा होतो, मुख्याध्यापक खिडकीतून डोकावतात, म्हणून शिक्षक घाबरतात, पण बोलणं शिकायचं तर आवाज होणारच.

मग सांगायचं काय, तर समोरच्याला माहीत नसलेलं काहीतरी. घरून शाळेत कसं यायचं ते अशा मैत्रिणीला सांग जी कधी मानेवाड्याला आली नाही. कळमन्याच्या मार्केटात संत्र्याचा लिलाव कसा होतो ते ज्यानं पाहिलाय त्यानं बाकीच्यांना समजावून सांगावं. शाळेसमोरच्या पोहेवाल्या काकांची मुलाखत घ्यावी, प्रश्न पोरांनीच काढावे, अन् काकांनी एका शब्दात उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न कसा विचारायचा हे शिकावं. मैत्रिणीचं म्हणणं पटलं नाही तर न चिडता ते कसं सांगायचं, आधी तिचं काय म्हणणं आहे ते तिच्याच शब्दात परत सांगायचं आणि मग आपलं. मोठ्यांना प्रश्न विचारताना घाबरायचं नाही पण उर्मटपणाही करायचा नाही. कळलं नाही तर "परत सांगा" म्हणता आलं पाहिजे, हे तर मोठमोठ्या माणसांना जमत नाही, डॉक्टरसमोर मान हलवून बाहेर येतात अन् मग केमिस्टला विचारतात.

हे सगळं मी आकाशातून आणून नाही सांगत. आपल्या राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यातल्या आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालतं त्या मूल्यमापनात, तोंडी काम आहेच, भाषण-संभाषण, मुलाखत, गटचर्चा, भूमिकाभिनय असं सगळं कागदावर लिहिलेलं आहे. तोंडी कामाचे मार्क तुझ्या पोरीच्या प्रगतिपुस्तकाच्या मागं कुठंतरी आहेत. ते मार्क कशाच्या जोरावर दिले हे विचारायचा तुला हक्क आहे.

वक्तृत्व स्पर्धेबद्दल माझं मत थोडं कडक आहे. आई रात्री भाषण लिहून देते, पोरगं पाठ करतं, "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" पासून हातवारे पण ठरलेले, आणि दरवर्षी त्याच तीन-चार पोरांची नावं जातात. पाठांतर वाईट नाही, स्टेजवर उभं राहणंही चांगलं, पण त्यात पोरगं स्वतःच्या डोक्यातलं काहीच बोलत नाही आणि वर्गातली बाकीची पोरं टाळ्या वाजवायला शिकतात. पोरीनं नाव काढलं ह्याचं फार मनाला लावून घेऊ नको.

उत्तम बोलणं कशाला म्हणतात हे आपल्या विदर्भाला कोणी शिकवायची गरज नाही. गाडगेबाबा, १८७६ चा जन्म, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १९५६ ला गेले. शाळेचं शिक्षण नाही, कीर्तन ठेठ वऱ्हाडीत, आणि करायचे काय तर समोर बसलेल्या हजारो माणसांना प्रश्न विचारायचे. साधा प्रश्न, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न, असं करत करत माणसाला त्याच्याच तोंडून त्याची अंधश्रद्धा, त्याचं कर्ज, त्याची दारू कबूल करायला लावायचे. शब्द साधे, पण कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, समोरचा आत्ता काय विचार करतोय, हे सगळं त्यांना कळत होतं. मी वर जे सांगितलं, ऐकणं, प्रश्न, क्रम, समोरच्याची जाण, ते सगळं त्या कीर्तनात आहे अन् "मले-तुले" पण आहे. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि आपल्या नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं, ज्यांनी खंजिरी हातात घेऊन गावोगावी साध्या बोलण्यात लोकांना जागं केलं. ह्या दोन नावांच्या डिग्र्या आपण भिंतीवर लावतो आणि त्यांच्यासारखं बोलणाऱ्या पोरीला गावठी म्हणतो, हे जुळत नाही मला.

मग मॅडमनी प्रमाण मराठी शिकवायची कधी आणि कशी? पोरगी मनातलं सांगून राहिली असेल तेव्हा नाही, हे पहिलं. तेव्हा फक्त ऐकायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचा, "मग खांद्यावरून काय दिसलं?" आणि जमलं तर आपल्या वाक्यात सहज तिचंच वाक्य परत म्हणायचं, "अच्छा, तुम्ही मारबत पाहायला गेला होतात होय", एवढ्यानंही मुलं खूप उचलतात. मग वेगळ्या वेळी, ठरवून, फळ्यावर दोन रकाने करायचे, एकीकडे आपण घरी कसं म्हणतो, दुसरीकडे पुस्तकात कसं लिहितात, अन् पोरांनाच यादी करायला लावायची. वर्गात कोणाच्या घरी झाडीबोली असेल, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या गोंडी, तिसरा रकाना पण होईल. चौथीच्या पोरांना हा खेळ फार आवडतो. मग नाटुकली करायची, बाजारात भाजी घेताना कसं बोलशील, तेच बँकेत मॅनेजरसमोर कसं बोलशील, बातम्या सांगायच्या तर कशा सांगशील. ह्यात प्रमाण भाषा येते अन् कुठं काय वापरायचं ही अक्कलही येते. आणि हो, लिहिताना मात्र चूक दाखवायचीच, वहीत लाल पेननं दाखवलेली चूक वर्गासमोर हसण्याएवढी लागत नाही.

आता तू काय करायचं ते.

सगळ्यात पहिले सासूबाईंकडे जा. नुसतं "बोला हो तिच्याशी" म्हणून भागणार नाही, त्यांना लागलंय. सरळ म्हण, आई, मी तुम्हाला बोलणं बदला म्हटलं ते परत घेते, तुमच्याशिवाय पोरीला गोष्टी कोण सांगणार. आणि हे पोरीसमोर म्हण, मुद्दाम, कारण पालकसभेत जे झालं ते पण तिच्यासमोरच झालं होतं. घरात टोकणं आजपासून बंद. प्रमाण मराठी घरी आणायची असेल तर रात्री दहा मिनिटं मोठ्यानं पुस्तक वाचा, एक पान ती एक पान तू, अन् वाचून झाल्यावर ती गोष्ट तिनं आजीला आजीच्या बोलीत सांगायची. बघ, ह्यात दोन्ही भाषा येतात अन् कोणाचा अपमान होत नाही.

मॅडमना एकटीला भेट, पालकसभेत नाही, सगळ्यांसमोर त्यांना टोकलंस तर तेच परत होईल. त्यांच्यावर राग धरू नको, चाळीस-पन्नास पोरं, वरून मॅनेजमेंटचा दबाव, अन् बीएड-डीएड करताना बोलीभाषेबद्दल कोणी धड काही सांगितलं असेल तर नशीब. मनापासून पोरीचं भलं व्हावं म्हणूनच त्या बोलल्या असतील. तू म्हण, "मॅडम, तिला प्रमाण मराठी यावी हे मला पण वाटतं, आम्ही घरी वाचन सुरू केलंय. पण तेव्हापासून ती वर्गात बोलायची बंद झाली आहे. पुढचा एक महिना तिला बोलताना दुरुस्त करू नका, जे सुधारायचं ते वहीत दाखवा, आणि कोणी हसलं तर त्याला थांबवा." एवढंच. महिना मागितला की माणूस सहसा नाही म्हणत नाही. नाहीच ऐकलं तर मुख्याध्यापकांकडे लेखी दे, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मुलाला भीती, दडपण वाटू नये आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणानं मांडता यावं असं शिकवणं पाहिजे. पण कायदा पहिल्या भेटीत काढू नको, उगाच भांडण वाटतं.

एक गोष्ट बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी, तुझ्या पोरीला लागू नाही. मूल घरी पण अडखळत असेल, काही अक्षरं वयाच्या मानानं फारच अस्पष्ट येत असतील, हाक मारल्यावर ऐकू येत नाही असं वाटत असेल, तर तो बोलीचा प्रश्न नाही, कान तपासून घ्या. नागपुरात मेडिकल अन् मेयो ह्या सरकारी दवाखान्यांत कान-नाक-घसा विभाग आहे, तिथून स्पीच थेरपीचं कळेल. अडखळणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पूर्ण करू नये, थांबावं, त्याला वेळ द्यावा. त्याला "नीट बोल" म्हणण्यानं फक्त त्रास वाढतो.

राहिला मिस्टरांचा क्लास. त्यांना वाईट म्हणत नाही मी, पोरीसाठी पैसे खर्च करायला तयार आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. पण पर्सनॅलिटी तिची ठीक आहे, घरी बडबड सुरू आहे म्हणतेस, तिला गप्प बसवणारी जागा वर्ग आहे आणि दुरुस्त तिथंच करावं लागेल. आत्ताच क्लासला टाकलं तर तिला अजून एकदा कळेल की माझ्यातच काहीतरी बिघडलंय म्हणून दुरुस्तीला पाठवून राहिले. महिना जाऊ दे. मग तिलाच जायचं असेल तर फी भरायच्या आधी मिस्टरांना म्हणावं एक दिवस तिथं मागं बसून बघा, तासाभरात एकेक पोरगं किती वेळ बोलतं अन् सर किती वेळ बोलतात, घड्याळ लावून. पोरं जास्त बोलत असतील तर खुशाल टाका. सर एकटेच बोलत असतील तर त्या पैशात वर्षभराची गोष्टीची पुस्तकं येतात, बर्डीवर जाऊन तिलाच निवडू द्या.

मॅडमची भेट पुढच्या आठवड्यात झाली तरी चालेल, सासूबाईंशी मात्र आज रात्रीच बोल.